शेजारचा दसरा

"शेजारच्या बाबांनी दसरा काढलाय गो," मी म्हटलं.

अस्मिता एका हातानं केस आवरत होती, दुसऱ्या हातानं दुधाच्या चिमुकल्या बाटल्या पिशवीत ठेवत होती. माझी लेक. अठरा दिवसांची बाळंतीण, आणि बाळ घरात नाही. "आई, हे मिसुरी आहे," ती म्हणाली. "अमेरिकेत कोण दसरा काढणार?"

"मग हे काय? बघ तरी."

स्वयंपाकघराच्या मोठ्या काचेतून शेजारचं अंगण दिसायचं. मधे गडगा नाही, वई नाही, नुसती हिरवळ. त्या दिवशी दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर चादरी, गोधड्या, पडदे, सगळं धुऊन वाळत घातलं होतं. पायरीपाशी खोकी एकावर एक रचलेली, प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं. आणि म्हातारे बाबा पाइप घेऊन ओटा धुवत होते. आमच्या वाडीत दसऱ्याआधी घरोघर हेच चित्र असतं. घरातली चिंधीन् चिंधी वहाळावर नेऊन धुवायची, कणग्या हलवून त्यांच्याखालची धूळ काढायची. त्याला आम्ही दसरा काढणं म्हणतो.

"जुनंपानं कुणाला देऊन टाकायचं असेल," अस्मिता म्हणाली. माझ्या गालाला गाल लावला आणि गेली.

ती आणि जावई विनीतराव सकाळी जायचे ते दिवेलागणीला परतायचे. पाऊण तासावरच्या शहरात, हॉस्पिटलच्या आठव्या मजल्यावर, काचेच्या पेटीत माझी नात निजली होती. सातव्या महिन्यातच आली पोर. अकराशे ग्रॅम. नळ्या, तारा, हिरवे दिवे, आणि मधे मुठीएवढं तोंड. एक परिचारिका फक्त तिच्यासाठी, रात्रंदिवस.

माझं पहिलंही सातव्यातच झालं होतं. चौतीस वर्षं झाली. डोली खांद्यावर घ्यायला चार गडी मिळाले, खालच्या रस्त्यावर गाडी मिळाली नाही. तेवढंच. म्हणून त्या पेटीपुढं मी उभी राहिले तेव्हा नातीला हात जोडले नाहीत, पेटीला जोडले.

मला तिथं काही करण्यासारखं नव्हतं. एकावेळी दोघंच आत. मग मी घरी घट बसवला. लांज्याहून येताना पुडीत बांधून आणलेले गहू, आणि माती शेजारच्या अंगणातली. मनाशी बोलले, नऊ दिवस नऊ माळा, एकही चुकवणार नाही. तू तेवढी माझ्या चिमणीचा श्वास चुकू देऊ नकोस.

माळेला फुलं हवीत. आणि त्या अख्ख्या गावात झेंडू होता तो एका दारी, त्या बाबांच्या. घरच्या भिंतीला लागून पिवळा-केशरी पट्टाच्या पट्टा. पहिल्या दिवशी मी ओच्यात हात गुंडाळून उभी राहिले आणि फुलांकडं बोट दाखवलं. उंच, वाकलेला माणूस. डोळे फिकट निळे, धुऊन विटलेल्या कापडासारखे. त्यांनी मान हलवली, आत गेले, कात्री घेऊन आले आणि कात्रीची मूठ माझ्याकडं करून दिली.

"वाइफ," फुलांकडं दाखवून ते म्हणाले. मग वर आभाळाकडं बोट केलं.

एवढं इंग्रजी मला कळलं.

नाव त्यांनी हार्लन सांगितलं. माझ्या जिभेवर ते बसेना. संध्याकाळी त्यांच्या परसात खरीखुरी हरणं यायची, धुक्यातून पाय टाकत, कान टवकारून. बाबा आतल्या अंधारात बसून त्यांना बघायचे आणि मी माझ्या काचेतून त्या सगळ्यांना. मग मी त्यांना हरणबाबाच म्हणायला लागले. ते ओ द्यायचे.

"आई, फुलं आणता ते ठीक आहे," विनीतराव एकदा जेवताना म्हणाले. पोरगा सालस, पण भित्रा. "पण कुणाच्या दारात असं जाऊ नका हं इथे. लोकांकडे बंदुका असतात."

"बेल वाजवून गेले तर?"

"बेल वाजवूनही."

"आमच्याकडं पण आहे की बंदूक."

"तुमच्याकडे डुकरांसाठी आहे, आई."

"आणि यांच्याकडं?"

विनीतरावांनी आमटी वाढून घेतली.

खोटं नव्हतं ते. आल्या आल्या मला पायमोजे घ्यायला नेलं होतं त्यांनी, तेव्हा दुकानात एका बाजूला मोजे, एका बाजूला मासे धरायचे गळ, आणि मागची भिंत सगळी बंदुकांची. ओळीनं उभ्या, जशा आमच्याकडं खराट्याच्या काड्या उभ्या करतात. मी त्या भिंतीपुढंच थांबले. आमच्या सतरा घरांच्या वाडीत एक बंदूक. शेतीरक्षणाची, माझ्या सासऱ्यांच्या नावावर होती, आता आमच्या ह्यांच्या. तिच्या परवान्यासाठी हे रत्नागिरीला इतके वेळा गेलेत की एसटीचे कंडक्टर ह्यांना नावानं हाक मारायचे. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा. मग डुकरं शेतात आणि हे पत्र्याचा डबा बडवत राखणीच्या माळ्यावर.

ह्यांना फोनवर सांगितलं तर हे हसायलाच लागले. "मोज्यांच्या दुकानात?"

"हो हो."

"आणि परवाना?"

"ते नाही बाई मी विचारलं. तुम्ही सांगा, भात कसं आहे?"

"पिवळं पडायला लागलंय. काल डुकरं आलेली खालच्या भाताच्या दळ्यात. बंदूक काढली, तर ती रुसलेली. नुसती खटखटते." मग म्हणाले, "चिमणी कशीय?"

"श्वास घेते."

"घेऊ दे," हे म्हणाले. "घेऊ दे सावकाश."

आठव्या माळेच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर बादली. झेंडूनं काठोकाठ भरलेली. मी शेजारी पाहिलं. भिंतीलगतचा पट्टा बोडका झाला होता, नुसते हिरवे देठ राहिले होते. एक फूल म्हणून ठेवलं नव्हतं बाबांनी. मला वाटलं, थंडी पडायला लागली, पहाटे दहिवर गोठतं, फुलं जळून जाण्यापेक्षा दिली असतील. मन भरून आलं माझं. दोन दिवसांच्या माळा झाल्या, दाराला तोरण झालं, तरी फुलं उरली.

नववा दिवस म्हणजे खंडेनवमी. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. अस्मिताच्या घरात हत्यार कुठलं शोधू? विळी नाही, कोयता नाही. एक सुरी मिळाली, विनीतरावांचे पेचकस मिळाले, वाटण्याचं यंत्र उचलून आणलं. त्यांचा जुना संगणक ठेवला, तो तरी त्यांचा नांगरच. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, गुळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मनात आलं, घरी आज हे बंदूक पुसत असतील. खोबरेल लावून. दारू-गोळी बाजूला काढून कोऱ्या पंच्यावर आडवी ठेवायची. मग कोयते, कुऱ्हाड, पहार. सासूबाईंचा नियम एकच होता. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही. आज त्याचा विसावा. उद्या दसऱ्याला सोनं वाटून झालं की मग हलवायचं. एकदा पूजा झाल्यावर रानडुकरांनी वरचा अख्खा मळा उकरला होता, पण सासऱ्यांनी बंदूक उचलली नाही. दगड मारत बसले बिचारे.

बादली धुऊन पुसून ठेवली. परत द्यायची तर रिकामी कशी देणार? मी तिच्यात तळाला केळीच्या पानाऐवजी कागद घातला, त्यावर गुळखोबरं, दोन केळी, वाटीभर खीर, उरलेली फुलं. आणि कुयरी, म्हणजे आपला हळदकुंकवाचा करंडा, सहज बरोबर घेतली. दुपार कलत होती. ऊन अगदी मधाच्या रंगाचं, आणि कुठंच आवाज नाही. त्या देशातली शांतता अशी की आपल्या बांगड्यांचीच आपल्याला सोबत.

बेल वाजवली. विनीतरावांचं आठवून दोनदा वाजवली. कुणी आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

"हरणबाबा," मी हाक मारली आणि आत गेले.

घर काय लख्ख होतं. जमीन पुसलेली, भांडी पालथी घातलेली, भिंतीवर तसबिरी उतरवल्याच्या चौकोनी खुणा. मागच्या काचेच्या पडवीत बाबा बसले होते. दाढी केलेली, पांढरा इस्त्रीचा शर्ट. पुढं मेज. मेजावर कोपऱ्यांना निळी फुलं भरलेलं पांढरं कापड. त्या कापडावर बंदूक आडवी. पुसून, तेल लावून चमकणारी. बाजूला बायकोचा फोटो. फोटोपुढं मनगटावरचं घड्याळ, एक पाकीट, एक छोटी किल्ली. सगळं कसं ओळीत मांडलेलं.

मला इतका आनंद झाला. परक्या मुलखात आपल्या घरचं कुणी भेटावं तसा.

"अगोबाई," मी म्हटलं, "तुमच्यात पण असते खंडेनवमी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. जणू मी खूप लांब, नदीच्या पलीकडच्या काठावर होते. मग हळू म्हणाले, "गो होम. प्लीज."

होम. हा शब्द मला चांगला कळला. नवमीला मोठ्या देवळात होम असतो.

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "नो होम. होमाला भटजी लागतो. आपण हळदकुंकूच वाहूया. ओन्ली हळदकुंकू."

मी बादली खाली ठेवली. पदर खांद्यावरून घेतला, करंडा उघडला. त्यांचा हात बंदुकीच्या दस्त्याजवळ होता. मी तो हात धरून बाजूला केला, जसा पूजेच्या ताटाजवळून पोरांचा हात सारतात तसा. थंड होता. नळीवर हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू. चापाजवळ एक टिकली. नळीच्या तोंडात एक केशरी झेंडू खोवला. मग वाटलं, बाई एकटी का राहावी. नवरा असताना गेली, अहेव गेली. तिच्या फोटोच्या काचेवर कपाळाशी हळदकुंकू लावलं. हसरी होती. कुंकू शोभलं तिला.

हात जोडले, आणि बाजूनं आवाज आला. बाबा रडत होते. तोंडावर दोन्ही हात घेऊन, खांदे हलत. मला वाटलं, बायकोची आठवण. होणारच. सणासुदीला होते.

मी त्यांना रडू दिलं. मग गुळखोबरं त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते नुसते बघत बसले. "खा," मी म्हटलं. "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं." त्यांनी खाल्लं. मग खीर दिली. तीही खाल्ली, वाटी दोन्ही हातांनी धरून.

"आता ऐका," मी बंदुकीकडं बोट केलं, कारण नियम सांगायला हवा होता, आणि माझ्याजवळ इंग्रजी शब्द होते ते सगळे मिळून दहाबारा. "टुडे नो टच. आज हात लावायचा नाही. टुमारो."

"टुमारो?" ते म्हणाले.

"टुमारो. टुडे, नो टच." मी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. "देव स्लीप."

त्यांच्या ओठाची एक कड जराशी हलली. मग त्यांनी विचारलं, "बेबी?"

मी बोटांनी तिचं माप दाखवलं. तिचा श्वास दाखवला, नाकपुड्या फुगवून. घटाच्या माळा दाखवल्या, बोटं मोजून, नऊ. त्यांच्या बोडक्या झेंडूकडं हात केला आणि मग नातीकडं, म्हणजे जिकडं ते शहर होतं तिकडं. तुमच्या फुलांवर माझी पोर जगतेय, असं सांगायचं होतं मला. त्यांना किती कळलं कोण जाणे. ते फुलांच्या देठांकडं बघत राहिले. बाहेर हरणं आली होती. तीन. मधलं पाडस. आम्ही दोघं हललो नाही. मला गुणगुणायची सवय, घरात गुणगुणते तशी तिथंही ओवी ओठावर आली.

*काचेच्या कोठडीत निजलंय माझं सोनं*
*वाऱ्या, हळू ये रे बाबा, नको हलवू पानं*

*हरणाच्या अंगणात पिवळी झाली फुलं*
*दार ठेव उघडं बाबा, येतील माझी मुलं*

उठताना मी म्हटलं, "टुमारो कम. आमच्या घरी. गोल्ड."

"गोल्ड?"

"सोनं हो. या तर खरं."

दिवे लागल्यावर अस्मिता आली आणि मी सगळं सांगितलं. "आई, तू त्यांच्या बंदुकीला हात लावलास? भरलेली असती म्हणजे?"

"पूजेची बंदूक कुणी भरून ठेवतं का," मी म्हटलं. "काहीतरी बोलतेस."

विनीतरावांनी खिडकीतून शेजारी पाहिलं. पडवीत दिवा होता. मग म्हणाले, "उद्या मी घरीच थांबतो, आई."

पण दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमाराला हरणबाबा आपणहून आले. तोच पांढरा शर्ट, जरा चुरगळलेला. तिथं आपटा कुठला मिळणार, पण त्यांच्याच परसात एक झाड होतं, बदामाच्या आकाराच्या पानांचं. पानगळीत पिवळंधमक झालेलं. त्याची पानं मी पहाटेच वेचून आणली होती. एक त्यांच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." विनीतरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाबांनी पान उलटसुलट करून पाहिलं, खिशात ठेवलं. मग त्याच खिशातून ती छोटी किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं आपल्या हातानं मिटवली.

"नो टच," ते म्हणाले.

मला वाटलं, सोन्याबदली सोनं देतायत. आपल्याकडं नाही का, पान दिलं की पान घेतात. मी किल्ली देव्हाऱ्यात, घटाशेजारी ठेवली. अस्मिता म्हणाली, "कपाटाची दिसते. कुठे गावाला जाणार असतील." पण ते कुठं गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पायरीवरची खोकी एकेक करून घरात गेली.

नात सात आठवड्यांनी घरी आली. मी आणखी तीन महिने राहिले. बाबा मधूनच यायचे, दाराशी उभे राहायचे. कधी नुसते उभेच. मी विचारायची, "काय बाबा?" ते देव्हाऱ्याकडं बघायचे. मग म्हणायचे, "टुमारो," आणि परत जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला माझा तेवढाच एक शब्द लागलाय, बोलायला बरा वाटत असेल. मी चहा द्यायची. आल्याचा चहा त्यांना पहिल्यांदा तिखट लागला, मग गोडी लागली. निघताना मी अस्मिताला बजावलं, किल्ली त्यांनी मागितल्याशिवाय हलवू नकोस.

सात वर्षांनी, यंदाच्या गणपतीच्या आधी, अस्मिताचा फोन आला. हरणबाबा गेले. झोपेत, आपल्या खाटेवर, ब्याऐंशीव्या वर्षी. तिच्या मुलीनं, ईरानं, म्हणजे त्या पेटीतल्या चिमणीनं, त्यांच्या दारी झेंडू लावून ठेवले होते ते फुलले होते.

"आई," अस्मिता म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "त्यांची मुलगी आली होती लांबून. तिनं मला एक पत्र दाखवलं. त्यांनी लिहून ठेवलेलं, आपल्यासाठी. ती किल्ली कसली होती, माहितीये तुला?"

"कपाटाची."

"बंदुकांच्या कपाटाची. आणि त्या दिवशी त्यांनी ती बंदूक पुसली होती ना, आई, ती..." ती थांबली. फोनमधून तिकडची शांतता ऐकू येत होती, जिच्यात माझ्या बांगड्या वाजल्या होत्या. मग ते कोरं घर आलं डोळ्यांसमोर. खोकी. धुतलेल्या चादरी. एकही न ठेवता खुडलेली फुलं. पांढरा शर्ट. घड्याळ काढून फोटोपुढं ठेवलेलं.

"त्यांनी लिहिलंय," अस्मिता वाचायला लागली, मराठी करत करत. "शेजारची बाई म्हणाली, आज हात लावायचा नाही, उद्या. मला वाटलं, एक दिवस थांबायला काय हरकत आहे. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. मग रोज म्हटलं. किल्ली मागायला मी पुष्कळदा तुमच्या दारात आलो. तिथं चहा मिळाला."

मी ओट्यावर बसून राहिले. हे गोठ्यातून आले, विचारलं, "कोण गेलं?"

"हरण," मी म्हटलं.

यंदा अस्मिता पोरीला घेऊन नवरात्राला आली. निवडणूक लागलीय, त्यामुळं आमची बंदूक पोलीस स्टेशनात, खुंटी रिकामी. ह्यांनी कोयते मांडले, कुऱ्हाड मांडली, आणि पंच्यावर बंदुकीची जागा तशीच मोकळी सोडली. अस्मितानं पर्समधून ती किल्ली काढली. हरणबाबांच्या मुलीनं तिनं कपाट उघडून बंदुका पोलिसांत जमा केल्या होत्या, किल्ली मात्र मी परत मागून घेतली, म्हणाली. मी ती मोकळ्या जागेवर ठेवली. हळदीचं बोट, वर कुंकू, एक झेंडू.

ईरानं लगेच हात पुढं केला. हरणबाबांच्या घरची वस्तू, तिला ओळखू आली.

"आज हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मग कधी?"

तिचा हात मी हातात धरला. गरम, मळका, तोरणासाठी आंब्याची पानं खुडून चिकानं काळा झालेला हात.

"टुमारो," मी म्हटलं.